परीक्षेचा पेशंट

स्वेतोलिककाका आमच्या वैद्यकीय कॉलेजात आले ते पेशंट म्हणून नव्हे, सोफेवाले म्हणून. आमच्या सरावाच्या खोलीतले तपासणीचे कोच इतके खिळखिळे झाले होते की वर झोपणाऱ्याच्या पाठीत स्प्रिंगा टोचायच्या. नवे मागितले तर वरून उत्तर आलं की आहेत तेच दुरुस्त करून घ्या. काकांनी जन्मभर लोकांच्या सोफ्यांना आणि आरामखुर्च्यांना नवं कापड चढवलं होतं. आता निवृत्त झाले होते, पण हात स्वस्थ बसत नव्हते. काम संपल्यावर कोच नीट झालाय का हे पाहायला ते स्वतःच त्यावर आडवे झाले आणि नेमका तेव्हाच माझ्या नर्सिंगच्या मुलींचा वर्ग आत शिरला. मुलींना वाटलं, आज सरावाला पेशंट आणलाय. एकीने नाडी धरली, दुसरीने विचारलं, आजोबा, कुठं दुखतंय? काका जराही न अडखळता म्हणाले, "कुठून सुरू करू, पोरी?" आणि गुडघ्यापासून निघून ते थेट वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या रेडिओपर्यंत पोहोचले. मी दारात उभी राहून ऐकत होते. हा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

मला असाच कुणीतरी हवा होता. आमच्याकडे डॉक्टर होणारी मुलं एका इमारतीत शिकतात, नर्स होणारी दुसऱ्या, औषधं शिकणारी तिसऱ्या आणि हातापायांचे व्यायाम शिकणारी तळघरात. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि मग एके दिवशी त्यांना एकाच पेशंटच्या उशाशी उभं करून म्हणायचं, चला, मिळून काम करा. कसं करणार? म्हणून आम्ही शेवटच्या वर्षाला एक परीक्षा सुरू केली. चौघांचा एक गट करायचा, चौघं चार शाखांचे. एक खोली घरासारखी सजवायची, तिथे खोटा पेशंट बसवायचा, आणि आम्ही काचेआडून पाहायचं. कोणाला किती येतं हे नाही, एकमेकांशी कसे वागतात हे. घंटा झाली की बाहेर. शेवटी पेशंटनेही गुण द्यायचे, पाच ते दहा. पाच म्हणजे नापास.

काय काय पाहिलं त्या काचेतून! डॉक्टर होणारा बोलतच सुटतो, नर्स होणारी रक्तदाब मोजून भिंतीला चिकटते, फार्मसीवाली गोळ्यांच्या डबीत डोकं घालते आणि व्यायामवाला दाराशी असा उभा राहतो, जणू कोणीतरी छत्री विसरून गेलंय. चौघंही हुशार, पण चार तोंडं चार दिशांना. मी चिडले की काका मला समजावत, "अगं सिस्टर, पोरं आहेत. सोफ्याची स्प्रिंगसुद्धा पहिल्या दिवशी करकरते."

कुठला आजार घेणार, असं मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी लगेच सांगितलं: हृदयाचे ठोके चुकतात, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तो म्हातारा मला दे. का, तेही सांगितलं. त्यांची बायको बोसिल्का, त्यांची बोसा, हीच गोळी घ्यायची. दर महिन्याला आरोग्य केंद्रात रक्त तपासायचे आणि दर वेळी रक्त हवं तितकं पातळ निघायचं नाही. डॉक्टरीणबाई गोळी वाढवत गेल्या आणि शेवटी एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, बाई, तुम्ही गोळ्या चुकवता आणि आम्हाला खोटं सांगता. बोसिल्का मोज्यांच्या कारखान्यात उभा जन्म काढलेली बाई. कुणाचा दोरा उचलला नाही तिने. त्या दिवशी ती घरी आली आणि कोट न काढताच बसून राहिली. पुढच्याच शरदात, अंगणात सगळी बिऱ्हाडं हिवाळ्याच्या साठवणीच्या मिरच्या भाजत असताना, हातातली सोललेली मिरची तशीच राहिली आणि ती एका बाजूला कलंडली. मेंदूत गुठळी.

"एकही गोळी चुकली नव्हती, सिस्टर," काका मला म्हणाले. "मी माझ्या हाताने द्यायचो. मग का गेली? ती लबाड नव्हती हे मला माहीत आहे, पण मला ते कुणाकडून तरी ऐकायचंय. तुझी पोरं हुशार आहेत. एखाद्याला कधीतरी सापडेल."

तर हे त्यांचं मागणं. पैशाचं नाही, कौतुकाचं नाही. मी मात्र परीक्षेतल्या पेशंटची गोष्ट लिहिताना सोपा मार्ग धरला. माझ्या गोष्टीतला म्हातारा संध्याकाळची गोळी विसरतो, डबीत गोळ्या उरतात, त्या मुलांनी मोजायच्या आणि ओळखायचं. काकांनी ती वाचली आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे शेवटी तूही माझ्या म्हाताऱ्याला लबाडच केलंस," ते म्हणाले. पण वठवला त्यांनी तो, आणि फार छान वठवला. परीक्षा संपल्यावर मुलं त्यांच्याभोवती जमत, तेव्हा ते हळूच विचारत, आणि समजा, या म्हाताऱ्याने एकही गोळी चुकवली नसती तर? कोणी पालकाच्या भाजीचं सांगे, कोणी यकृताचं. काका मान डोलवून ऐकून घेत आणि टोपी घालून घरी जात.

एका गोष्टीवर मात्र त्यांनी माझ्याशी भांडण काढलं. परीक्षेत मुलांनी काही खायचं-प्यायचं नाही, असा नियम होता. काका म्हणाले, चार माणसं माझ्या घरात येणार आणि मी नुसता बसून राहणार? मग ते घर कसलं आणि मी कसला माणूस? आमच्या सर्बियात उंबरा ओलांडून आलेल्याला चमचाभर मुरंबा आणि पाणी, नाहीतर निदान चहा दिल्याशिवाय कोणी आजारपणाचा शब्दही काढत नाही. मी हरले. ते घरून थर्मास भरून चहा आणू लागले. डोंगरावरून स्वतः खुडून आणलेल्या, सावलीत वाळवलेल्या औषधी फुलांचा चहा. मुलं प्यायची, काचेआड आम्ही परीक्षकही प्यायचो. थंडीत तर त्या चहासाठीच परीक्षा घ्यावी असं वाटे.

अशी काही वर्षं गेली आणि मग वुकानचा गट आला.

वुकान डॉक्टरचा मुलगा, डॉक्टरचा नातू. खोलीत शिरायचा तोच जणू घरमालक भाडं मागायला आलाय असा. त्याच्याबरोबर माझी स्तामेना, नर्सिंगची, खेड्यातून आलेली आणि कमी बोलणारी. फार्मसीची आंजेलिया, जिला सगळं पाठ असायचं आणि सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. आणि ओग्न्येन, फिजिओथेरपीचा, दाराएवढा उंच आणि दाराशीच उभा. मी काचेआड बसताना माझ्या शेजारच्या औषधशास्त्राच्या प्राध्यापकांना म्हटलं, हा गट एकमेकांना खाणार.

सुरुवात तशीच झाली. काकांनी चहा ओतला, चौघांनी कप घेतले, वुकानने एका दमात सगळे प्रश्न विचारले आणि स्वतःच अर्धी उत्तरं दिली. आंजेलियाने डबी उघडून गोळ्या मोजल्या. संध्याकाळच्या उरल्यात, ती म्हणाली. झालं तर मग, वुकान म्हणाला, आजोबा विसरतात. उत्तर बरोबर होतं. तिथेच उठून गेले असते तर पूर्ण गुण मिळाले असते. मी पेन उचललंसुद्धा.

पण स्तामेना काकांच्या समोर पायाच्या चौरंगावर बसली होती आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. "थांब जरा," ती वुकानला म्हणाली. "यांना विचारू तरी." आणि काकांना म्हणाली, "आजोबा, तुम्ही खरंच विसरता का?"

माझ्या गोष्टीत इथे म्हाताऱ्याने ओशाळून मान खाली घालायची होती. काका तिच्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत इतक्या पोरांनी त्यांना सांगितलं होतं की तुम्ही विसरता. विचारलं कोणी नव्हतं.

"नाही विसरत, पोरी," ते म्हणाले. "एकसुद्धा नाही."

काचेआड प्राध्यापक पुटपुटले की तुमचा पेशंट गोष्ट सोडून चालला. माझं लक्ष वुकानकडे होतं. आता हा पोरगा आपलंच घोडं दामटणार, अशी माझी खात्री होती. पण त्याने डबीकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि मग बाकीच्या तिघांकडे वळून विचारलं, मग आणखी काय असेल? खरंच विचारलं, कारण त्याला माहीत नव्हतं. दाराशी उभा असलेला ओग्न्येन पहिल्यांदा बोलला. गोळ्यांशिवाय आजोबा दिवसभरात आणखी काय घेतात, तो म्हणाला. आणि आंजेलियाने हातातल्या कपाकडे पाहिलं.

"आजोबा, हा चहा कसला?"

"कांतारिओनचा. पिवळी फुलं असतात ती. इवानदानच्या सणाला आम्ही डोंगरावर जाऊन खुडायचो."

"रोज पिता?"

"सकाळ-संध्याकाळ. बोसाच्या जिवाला बरं वाटायचं म्हणून मी..." काका थांबले. त्यांच्या म्हाताऱ्याला माझ्या गोष्टीत बायकोच नव्हती.

आंजेलियाच्या ते लक्षात आलं नाही. उत्तर सापडलं होतं ना! तिने कप ठेवला आणि परीक्षेत म्हणतात तसं घडाघडा म्हणून टाकलं. कांतारिओन पोटात गेलं की शरीर ही गोळी लवकर बाहेर टाकतं, गोळी कितीही घ्या, रक्त हवं तसं पातळ होत नाही, गुठळी होऊ शकते, झटका येऊ शकतो. शेवटचा शब्द उच्चारताना तिने वर पाहिलं आणि तिचा आवाज विझला.

आमच्याकडे कांतारिओन कुणाच्या घरात नाही? पोट बिघडलं, झोप नाही, मन लागत नाही, की तोच. मुरंब्याच्या बरण्यांशेजारी त्याची जुडी टांगलेली असते. त्याला औषध कोण म्हणतं? तो चहा. डॉक्टरने विचारावं की आणखी काही औषध घेता का, तर सरळ माणूस नाहीच म्हणणार. बोसिल्काची डॉक्टरीणबाई घरी तपासायला यायची तेव्हा तीही तो प्यायची, वर आणखी मागायची. आम्हीही काचेआड तोच पीत होतो. आमच्या प्राध्यापकांनी आपला कप टेबलावर ठेवला आणि दूर सरकवला.

"म्हणजे ती खोटं बोलत नव्हती," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर इतका आनंद दिसला की मला वाटलं, सुटले. मग तो आनंद तिथल्या तिथे गेला. "पण फुलं तर मीच आणायचो. चहा मीच करून द्यायचो."

घंटा झाली. नियमाप्रमाणे चौघांनी उठून बाहेर यायला हवं होतं. एकही हलला नाही. आंजेलिया रडवेली झाली होती. स्तामेनाने एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्याने काकांचा हात धरला. ओग्न्येन दार सोडून आत आला, काकांमागची उघडी खिडकी त्याने लावली, कारण म्हाताऱ्या माणसाला वाऱ्याच्या झोतात बसवलेलं आमच्या आया सहन करत नाहीत, आणि मग तो त्यांच्या खुर्चीला खेटून जमिनीवरच बसला. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलायचं कोणी, एवढंच त्या पाहण्यात होतं. मी इतकी वर्षं काचेतून जे शोधत होते ते हेच, आणि ते दिसलं तेव्हा मला नीट पाहता येईना, डोळे भरून आले होते.

"आजोबा," वुकान म्हणाला. आवाजात घरमालक उरला नव्हता. "चहामुळेच झालं असं छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. झालं असेल, नसेलही. पण विचारायचं काम तुमचं नव्हतं. आमच्या लोकांचं होतं. डॉक्टर होते, नर्स होत्या, औषधाच्या दुकानातले होते. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने विचारलं असेल."

काका थोड्या वेळाने उठले, टोपी घातली आणि गुण न देताच निघाले. आंजेलिया त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावली आणि ओरडून म्हणाली की अजून कोणी ही गोळी आणि हा चहा दोन्ही घेत असेल तर चहा एकदम तोडू नका, आधी रक्त तपासायला हवं, नाहीतर उलटंच व्हायचं, रक्तस्राव होईल. मला तेव्हा वाटलं, या मुलीला कुठे थांबावं ते कधी कळणार?

मग आमचं भांडण झालं. प्राध्यापकांचं म्हणणं, पेशंट गोष्ट सोडून बोलला, वेळ उलटला, नाडी पाहिली नाही, चालायला लावलं नाही, शेवटचा सल्ला दिला नाही. परीक्षा रद्द करून दुसऱ्या पेशंटबरोबर पुन्हा घ्या. मीही नियमाची बाई आहे, माझ्या हातून आजवर कुणाला दहा गुण गेलेले नाहीत. पण त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, तुम्हाला पोहायची परीक्षा घ्यायची आहे आणि पोरांनी बुडणारा माणूस बाहेर काढला तर तुम्ही म्हणता हातांची लय चुकली. शेवटी ठरलं की पेशंटचे गुण आल्याशिवाय निकाल लावायचा नाही.

आणि पेशंटचा पत्ता नव्हता. काका फोन उचलत नव्हते. मी त्यांच्या इमारतीपाशी जाऊन आले, दार वाजवलं, आत पावलं वाजली पण दार उघडलं नाही. स्तामेना रोज विचारायची. मला भीती वाटत होती, खरं सांगते. नवरा-बायकोच्या प्रेमातला सगळ्यात गोड भाग, तो डोंगर, तो चहा, आम्ही त्या माणसाकडून काढून घेतला होता, आणि बदल्यात काय दिलं? एका परीक्षेचा निकाल.

त्यानंतरच्या आठवड्यात ते आले. एकटे नाही, हाताला धरून एका ठसक्याच्या म्हाताऱ्या बाईंना घेऊन. त्या त्यांच्याच इमारतीतल्या पर्सिदाबाई. काका दर वर्षी जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना चहाच्या जुड्या वाटायचे. त्या दिवशी घरी गेल्यावर आधी ते दार लावून बसले होते, आणि मग उठून एकेका बिऱ्हाडाचं दार वाजवून विचारत सुटले होते की तुम्ही कुठल्या गोळ्या घेता. लोकांना वाटलं, बायकोच्या मागे बिचाऱ्याचं डोकं फिरलं. पर्सिदाबाईंच्या डबीत तीच गोळी निघाली.

"सिस्टर, आधी या माणसाला तपासा," पर्सिदाबाई म्हणाल्या. "माझ्या हातातला कप हिसकावून घेतला. मी शिव्या घालेपर्यंत परत आणून दिला आणि म्हणतो, पी, पी, आज प्यायलीच पाहिजेस, रक्त तपासेपर्यंत सोडायचा नाही."

"पोरीने तसंच सांगितलं होतं," काका म्हणाले. "जिन्यातून ओरडून. सिस्टर, माझ्या चौघांना बोलाव. ही खरीखुरी पेशंट आहे."

माझे चौघे! मी बोलावले. विद्यार्थ्यांनी खऱ्या पेशंटला परस्पर हात लावायचा नसतो, म्हणून आम्ही सगळी वरात आरोग्य केंद्रात गेलो. पर्सिदाबाई मध्ये, ओग्न्येनच्या दंडाला धरून. बाकीचे तिघं वाटेतच ठरवत होते की डॉक्टरांना काय आणि कोणत्या क्रमाने सांगायचं. पर्सिदाबाईंचं रक्त हवं तितकं पातळ नव्हतंच. डॉक्टरांनी मुलांचं शांतपणे ऐकून घेतलं. चहा हळूहळू कमी करायचा, दर काही दिवसांनी रक्त पाहायचं, गोळी त्याप्रमाणे बदलायची, असं ठरलं. त्यांचीही गेल्या महिन्यात गोळी वाढवली होती म्हणे, पर्सिदाबाई चुकवतात असं समजून.

ते सगळं आत चाललेलं असताना काका आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. दाराच्या फटीतून चौघं दिसत होते. स्तामेना पर्सिदाबाईंना कोट घालत होती आणि वुकान त्यांची पर्स धरून उभा होता.

"बोसाच्या वेळी ही पोरं कुठे होती गं?" काकांनी विचारलं.

मी हिशोब केला. "शाळेत, काका. निबंध लिहीत असतील."

"मग त्यांचा काही दोष नाही. दहा लिही त्यांना."

"लिहिते. आणि तुमचाही दोष नाही, काका. तुम्ही तिच्यावर माया केलीत. जे विचारायला हवं होतं ते तुम्हाला कोणी विचारलं नाही."

ते बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. मला वाटलं, ऐकलंच नाही.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "पण एकदा सांगून नाही भागायचं, सिस्टर. रात्री पुन्हा तेच डोक्यात येतं. रोज सांगत जाशील?"

मी हो म्हटलं. आतून पर्सिदाबाईंना घेऊन मुलं बाहेर आली, त्यांनी ते ऐकलं असावं. स्तामेनाने कुणाला न विचारता पाळ्या लावल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्यापैकी एकजण स्वेतोलिककाकांना फोन करतो आणि तेवढं एक वाक्य सांगतो. आज माझी पाळी आहे.